खोबणीतले हुकूम

सासऱ्यांचा आवाज गेला त्या दिवशी जावयाला मनातल्या मनात थोडं बरं वाटलं होतं. ही गोष्ट त्याने अजून कुणाला सांगितलेली नाही, बायकोला तर नाहीच. घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी स्वरयंत्रही काढून टाकलं. गळ्याला एक भोक राहिलं, श्वास तिथूनच, आणि बोलणं बंद. माणूस वाचला याचा आनंद घरात सगळ्यांनाच झाला. जावयाच्या आनंदाला आतून एक जादा अस्तर होतं, इतकंच. ज्या तोंडाने बावीस वर्षं उठता बसता त्याची सालं काढली, ते तोंड यापुढे फक्त जेवायला उघडणार होतं.

म्हाताऱ्याला लिहिता येतं, हे तो विसरला होता.

सासरे सुतार होते. खिळ्याला शिवी समजणारे, लाकडात लाकूड बसवून जोड करणारे, आणि तो जोड डोळे मिटून नखाने तपासणारे. नख अडलं तर काम परत. त्यांच्या मुलीने लग्न कुणाशी करावं, तर साइडिंगवाल्याशी. घराच्या बाहेरच्या भिंतींना प्लास्टिकच्या लांब फळ्यांचं आवरण बसवायचं, खिडक्या-दारांच्या कडेने खोबणीच्या पट्ट्या मारायच्या, हा जावयाचा धंदा. भिंत ओली होत नाही, रंग द्यावा लागत नाही, पुसली की स्वच्छ. गिऱ्हाईक खूश असायचं. सासरे मात्र पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे जावई. घरांना टेबलक्लॉथ घालतात."

ऑपरेशननंतर मुलगी आणि जावई पंधरा दिवसांसाठी म्हणून त्यांच्या घरी राहायला आले. त्याला आता आठ महिने झाले होते. म्हणजे टेबलक्लॉथवाला वर घरजावईही झाला होता.

घर दुमजली. सासऱ्यांची खोली वर, स्वयंपाकघर खाली, आणि मधला जिना सासऱ्यांनी स्वतः केलेला. खाली झोपायला या म्हटलं तर त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, "मी जिना केला तो वर जायला." पण वर गेलेला माणूस खाली यायला तयार नव्हता. डॉक्टरांनी रोज चार पावलं चालायला सांगितलं होतं. सासरे पलंगापासून खिडकीपर्यंत चार पावलं मोजून टाकायचे आणि पथ्य पाळल्याच्या समाधानाने परत आडवे व्हायचे.

त्यांना हाक मारता येत नाही म्हणून मुलीने पितळी घंटा आणून दिली. पहिल्या दिवशी ती एकेचाळीस वेळा वाजली. मुलीची नोकरी घरून होती, आणि नोकरी काय, तर एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायची. सकाळपासून कानात परक्यांच्या तक्रारी आणि डोक्यावर बापाची घंटा. एका गिऱ्हाइकाने तर विचारलं, "बाई, तुम्ही देवळातून बोलताय का?" तिसऱ्या दिवशी घंटा गायब झाली. फोनवर टाइप करा म्हटलं तर सासऱ्यांची बोटं इतकी जाड, की एका दाबात तीन अक्षरं उमटायची आणि त्या तिन्हींत हवं ते नसायचं.

घंटा गेल्यावर दोन दिवस सासरे गप्प बसून काहीतरी आखत राहिले. मग एका दुपारी त्यांनी जावयाला वर बोलावून घेतलं आणि कागद पुढे केला. सुताराच्या चपट्या पेन्सिलीने, मोजमापांसकट काढलेला नकाशा होता. त्यांच्या पलंगापासून एक उतरती खोबण निघत होती, दाराबाहेर पडून जिन्याच्या भिंतीवर तीन वळणं घेत होती आणि स्वयंपाकघरात ओट्यावरच्या एका डब्यात संपत होती. खोबणीतून गोळा घरंगळत जाणार. गोळ्यात चिठ्ठी. गोळेही तयार होते. पडद्याच्या दांड्यांच्या टोकांना लावायचे लिंबाएवढे लाकडी गोळे, त्यांनीच कधीकाळी लेथवर काढलेले, दांडीसाठी मधोमध भोक पाडलेले. त्या भोकात चिठ्ठीची सुरळी नेमकी बसत होती. असे अकरा गोळे त्यांनी खणातून काढून पांघरुणावर मांडले होते.

"खोबण कशाची करायची?" जावयाने विचारलं.

खरं तर लाकडाचीच व्हायला हवी होती. पण लाकडाचा भुसा गळ्याच्या भोकातून थेट छातीत जाईल म्हणून डॉक्टरांनी घरात करवत चालवायला बंदी केली होती, आणि बाहेरून करून आणावी तर गावातल्या प्रत्येक सुताराशी सासऱ्यांचं या ना त्या जोडावरून फाटलेलं होतं. त्यांनी पाटी उचलली आणि एखाद्याने स्वतःच्या हाताने कडू औषध ओतून घ्यावं तसं लिहिलं, "तुझ्याकडे ते उरलेले तुकडे असतात ना."

जावई पाटीकडे इतका वेळ बघत राहिला की सासऱ्यांनी ती पुसून टाकली.

तुकडे होतेच. प्रत्येक कामावर खिडकीच्या कडेच्या पट्ट्या थोड्या उरतात. हातभर, दोन हात, कुठे पांढरा रंग, कुठे साय उतरल्यासारखा पिवळट. इंग्रजी 'जे' अक्षरासारख्या वाकलेल्या या पट्टीला मागे खिळे मारायचा चपटा भाग असतो आणि पुढे खोबण. रुंद खोबणीची निवडली तर लिंबाएवढा गोळा तीत आरामात धावतो. प्रश्न फक्त जोडांचा होता, आणि जोडांच्या बाबतीत जावयाला या घरात कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

त्याने आयती संधी साधून सासऱ्यांना पलंगासमोर उभं राहून शिकवलं. उतारावरच्या वरच्या पट्टीचं टोक खालच्या पट्टीच्या पोटात दोन बोटं शिरवायचं, म्हणजे गोळा जोडावरून उतरतो, अडखळत नाही. त्यासाठी खालच्या पट्टीचा मागचा चपटा भाग तेवढा कापून टाकायचा. आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींना घट्ट करायच्या नाहीत. प्लास्टिक उन्हाने वाढतं, थंडीने आखडतं. त्याला जोडात सरकायला जागा लागते. खिळ्याची भोकं म्हणून तर लांबट असतात. खिळा भोकाच्या मधोमध मारायचा, आणि तोही पुरता ठोकायचा नाही.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलं, "म्हणजे तुमच्या धंद्यात ढिला जोड हाच पक्का जोड."

"असंच समजा, बाबा."

"बावीस वर्षं मी उगीच विचार करायचो, की तुला येत का नाही."

काम आठ संध्याकाळी चाललं. बायको खाली तक्रारी ऐकत असायची आणि जावई जिन्यावर शिडी लावून पत्र्याच्या कात्रीने पट्ट्या कापत असायचा. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. प्रत्येक वळणावर वरच्या ओळीतून गोळा खालच्या ओळीत टप्पकन पडावा अशी सोय त्याने केली, टोकांना बूच लावलं. गोळा सोडला की घरभर एक सुखद घरघर ऐकू यायची. खरं सांगायचं तर जावयाला मजा येत होती. लोकांच्या खिडक्यांच्या कडेने आयुष्यभर ज्या पट्ट्या मारल्या, त्यांच्यातून काहीतरी धावताना तो पहिल्यांदाच पाहत होता.

तंटा तिसऱ्या ओळीवर झाला. तिथे जिन्याच्या भिंतीला अक्रोडाच्या लाकडाची एकसंध फळी होती. सासऱ्यांच्या हयातीतलं सगळ्यात देखणं काम. तिच्या बाजूला मोठी खिडकी होती, सकाळपासूनच ऊन सरळ तिच्यावर पडायचं आणि लाकडातल्या रेषा चमकायच्या. या ओळीत तीन तुकडे जोडायचे होते, म्हणजे दोन जोड, म्हणजे मध्ये आधाराला निदान चार खिळे.

पाटीवर तीनच शब्द आले. "फळीला भोक नाही."

"मग पट्टी राहील कशाच्या जोरावर?"

"दोन टोकांना. फळीच्या बाहेर. मध्ये चिकटव. एकसंध कर."

"बाबा, इथे ऊन येतं. एकसंध करून दोन्हीकडून आवळली तर ती वाढेल कुठे?"

सासऱ्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा तेच तीन शब्द लिहिले, या वेळी थोडे मोठे.

धंद्यात असं कुणी गिऱ्हाईक बोललं असतं तर जावयाने साहित्य गाडीत टाकून घरचा रस्ता धरला असता. पण इथे घरच त्यांचं होतं. त्याने तिन्ही तुकड्यांची टोकं काटकोनात कापली, एकाला एक भिडवली, मागून पट्टीचाच तुकडा चिकटवून आधार दिला, आणि वाळल्यावर जोड पॉलिश पेपरने घासून काढला. चांगला तासभर घासला. मग ती लांबलचक ओळ घेऊन वर गेला आणि पलंगावर आडवी धरली. सासऱ्यांनी डोळे मिटले. अंगठ्याचं नख पट्टीवर टेकवून सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. नख कुठेही अडलं नाही. त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. एकदाच, खाली आणि वर.

बावीस वर्षांत पहिल्यांदा हलली होती ती मान. त्या मानेपायी जावयाने आपल्या धंद्यातली सगळी अक्कल गुंडाळून ठेवली आणि पट्टी दोन्ही टोकांना घट्ट आवळून टाकली. बायकोच्या डोक्यावर गोळा पडू नये म्हणून त्या ओळीवर सपाट पट्टीचं झाकणही बसवलं.

खोबण सुरू झाली आणि सासरे पुन्हा बोलायला लागले. आधी बोलायचे त्याहून जास्त, कारण आता मध्ये कुणाला तोंड घालता येत नव्हतं. गोळा फक्त खाली जातो, वर येत नाही. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी त्यांच्या मनासारखी व्यवस्था इतक्या वर्षांनी अस्तित्वात आली होती. अकरा गोळे संपले की मुलीने ते टोपलीत घालून वर नेऊन द्यायचे, म्हणजे पुढचे अकरा सोडता येत. "चहा." "चहात साखर होती का?" "फोनवर इतकं गोड बोलतेस, घरात का नाही." "जावईबापूंना सांग, शिडी अंगणात भिजतेय. शिडी लाकडाची आहे, वाईट वाटतं." दुपारी जावई जेवायला आला की डब्यात त्याच्या नावाचे दोन-तीन वेगळे निघायचे.

महिन्याभरात मुलीच्या नाकी नऊ आले. एका शनिवारी एका गिऱ्हाइकाच्या शिव्या ऐकत असताना गोळा आला. त्यात लिहिलं होतं, "आवाज कमी कर, मी झोपलोय." तिने फोन ठेवला, अकराच्या अकरा गोळे टोपलीत भरले आणि जिना चढून वर गेली.

"बाबा, उद्यापासून दिवसाला दहा गोळे. त्यापुढचा मी उघडणार नाही. मला दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचे पैसे मिळतात, तुमचं मी फुकट ऐकते."

सासरे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

रविवारी सकाळी एकही गोळा आला नाही. ऊन मात्र सकाळपासूनच रणरणत होतं, त्या वर्षीचं पहिलं कडक ऊन. दुपारीही डबा रिकामा. "रुसलेत," मुलगी म्हणाली, "रुसू देत." ती काही वर गेली नाही. जेवणाचं ताट जावई घेऊन गेला. सासरे भिंतीकडे तोंड करूनच होते. "बाबा, जेवण," असं म्हणून त्याने ताट स्टुलावर ठेवलं आणि खाली आला. रात्रीचंही तसंच. दुपारचं ताट जसंच्या तसं होतं, तेव्हा त्याला वाटलं, रुसवा मोठा आहे. काळजी वाटली असं मात्र म्हणता येणार नाही. किती महिन्यांनी घरात शांतता होती. त्याने निवांत वर्तमानपत्र वाचलं, अगदी छोट्या जाहिरातींपर्यंत.

सोमवारी सकाळी बायको म्हणाली, "दीड दिवस झाला. बाबा चिठ्ठीशिवाय दीड तास राहू शकत नाहीत."

तेव्हा कुठे जावयाच्या डोक्यात प्रकाश पडला. तो हातातला कप ठेवून जिन्याकडे गेला. तिसऱ्या ओळीकडे खालून पाहिलं तर झाकणासकट पट्टी भिंतीपासून धनुष्यासारखी फुगून बाहेर आली होती. त्याने शिडी न लावताच, कठड्यावर पाय देऊन झाकण उचकटलं. एकसंध केलेला, तासभर घासलेला, नखाला न जाणवणारा तो जोड चांगला बोटभर उकलला होता आणि त्याच्या फटीत गोळा अडकून बसला होता. त्याच्यामागे आणखी तीन, शहाण्या मुलांसारखे रांगेत.

त्याने चिठ्ठ्या तिथेच उघडल्या. बायको खालच्या पायरीवर उभी होती, तिला तो एकेक वाचून दाखवत गेला.

"आजच्या दहातला हा पहिला. चहा."

"चहा बंद केला असेल तर तसं कळव."

"माफी मागायला वर यायचं असेल तर दार उघडं आहे."

चौथी चिठ्ठी त्याने मोठ्याने वाचली नाही. नुसती बायकोपुढे धरली. पेन्सिलीची रेघ कागदावरून घसरल्यासारखी वाकडी होती. "छातीत घरघर होते. ताप असावा. सवड मिळाली तर बघ."

दोघं वर धावले. सासऱ्यांचं अंग तव्यासारखं तापलं होतं, गळ्याच्या भोकातून शिट्टीसारखा आवाज येत होता. तरी मुलीला पाहून त्यांनी आधी पाटी मागितली. "चार पाठवले," त्यांनी लिहिलं.

"अडकले होते, बाबा. मला एकही मिळाला नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"मी दोनदा ताट घेऊन आलो होतो. तेव्हा का नाही सांगितलंत?" जावयाने विचारलं. विचारताना आपल्या आवाजात राग आहे हे त्याला कळत होतं, आणि तो कुणावर आहे हेही.

सासऱ्यांनी लिहिलं, "पाठवलं होतं. दोनदा कशाला सांगू."

इस्पितळात सहा दिवस गेले. छातीत संसर्ग झाला होता. आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी रजा टाकून दिवसा बसायची आणि कामावरून आला की जावई. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. संध्याकाळी जावई सफरचंद कापत असताना सासऱ्यांनी पाटी वळवली.

"कुठला जोड सुटला?"

"तिसऱ्या ओळीतला. खालचा."

"मी म्हणालो म्हणून?"

जावयाने हातातली सुरी ठेवली. होय म्हणायची ही बावीस वर्षांतली सर्वांत चांगली वेळ होती. समोरचा माणूस अंथरुणाला खिळलेला होता, बोलू शकत नव्हता, आणि चूकही त्याचीच होती. "मी केला म्हणून," तो म्हणाला. "मला माहीत होतं, बाबा. उन्हात तो टिकणार नव्हता. हातोडी माझ्या हातात होती. तुमची मान हलली आणि मी आवळून टाकला."

सासऱ्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "मूर्ख आहेस." थोड्या वेळाने त्याखाली लिहिलं, "मीही. सफरचंद काळं पडतंय."

घरी आल्यावर त्यांना खुर्चीत बसवून वर नेण्याची तयारी झाली होती. त्यांनी खुर्ची हाताने बाजूला सारली आणि जिना चढायला लागले. तिसऱ्या ओळीपाशी येऊन पायरीवर बसले, धाप लागली होती. खिशातून चपटी पेन्सिल काढली. त्या अक्रोडाच्या फळीवरून त्यांनी तळहात फिरवला, मग मापपट्टी मागून घेतली आणि फळीवर चार फुल्या केल्या. फुल्या एका रेषेत होत्या, उतार धरून, जोडांच्या दोन्ही बाजूंना बरोबर. जावयाने सांगितलेलं सगळं त्यांनी नीट ऐकलेलं होतं तर.

"नक्की ना, बाबा?"

त्यांनी हाताने, चल उरक, अशी खूण केली. गळ्याच्या भोकावर ओला रुमाल धरला, आणि ड्रिलचा आवाज सुरू झाला तेव्हा मान वळवून खिडकीबाहेर बघत बसले. चौथं भोक पडेपर्यंत त्यांनी तोंड इकडे केलं नाही.

मग जावयाने धंद्यातला जोड केला. वरची पट्टी खालच्या पट्टीत दोन बोटं, सरकायला जागा, खिळे अर्धवट. झाकण लावलंच नाही. सासऱ्यांनी नख फिरवलं. ते दोन्ही जोडांवर अडलं, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण पाटी मांडीवरच राहिली. वर जाऊन त्यांनी पहिला गोळा सोडला. ढिल्या जोडांवरून उतरताना तो दरवेळी टक् वाजला, एवढा की ओट्यापाशी उभ्या असलेल्या मुलीलाही ऐकू आला. डब्यातल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "आवाज येतो. दुरुस्त कर."

"दुरुस्त करायचं नाही," ती नवऱ्याला म्हणाली, आणि तेच सांगायला स्वतः वर गेली.

आता ती फोनवर तक्रारी ऐकता ऐकता टक् टक् मोजते. संपूर्ण खोबणीत सात होतात. पाचवरच थांबले तर ती गिऱ्हाइकाला थांबायला सांगून जिन्यात डोकावते. दहा गोळ्यांची अट सासऱ्यांनी दोन दिवस पाळली आणि मग ती गेली ती गेलीच. जावयाच्या वाट्याचे टोमणे जराही कमी झालेले नाहीत. उलट ढिल्या जोडाबद्दल नवे पाच-सहा तयार झाले आहेत.

पण एखाद्या रविवारी घर फारच शांत वाटलं तर जावई वर्तमानपत्र घडी करून ठेवतो आणि वर जातो. सासरे भुवया उंचावून बघतात, काय काम आहे असं.

"काही नाही," तो म्हणतो. "जोड बघायला आलो होतो."

जोड खाली जिन्यात आहेत, हे दोघांनाही माहीत असतं. सासरे पाय जरा आखडून घेतात आणि तो पलंगाच्या कडेला टेकतो.